जोसेफ स्मिथ यांचे म्हणून छापलेले 'मी' कोणाचे? सुरुवातीच्या मॉर्मन दप्तराविषयी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मॉर्मन चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्यावर लेख लिहिताना तुम्ही 'हिस्टरी ऑफ द चर्च' या बहुखंडी इतिहासातून २ एप्रिल १८४३ ची एक नोंद उचलली, आणि त्या नोंदीत स्मिथ स्वतः 'मी' म्हणून बोलतात. नंतर एका संकेतस्थळावर मूळ दैनंदिनीची छायाप्रत पाहिली, तर ती विलर्ड रिचर्ड्‌स नावाच्या लेखनिकाच्या हस्ताक्षरात निघाली आणि मजकूरही तंतोतंत जुळेना. पत्रांच्या बाबतीतही तोच अनुभव आला. काही पत्रांची मूळ प्रतच नाही, वहीत उतरवलेली नक्कल तेवढी शिल्लक आहे. मग स्मिथ यांचे खरे शब्द कोणते मानायचे, हवाला कशाचा द्यायचा, आणि १८५० च्या दशकात मुंबई-पुण्यात आलेल्या मॉर्मन प्रचारकांच्या पत्रांनाही हाच न्याय लावायचा का, असे तुम्ही विचारले आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी धार्मिक कागदपत्रांची सूची करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर उत्तर देतो. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. 'खरे शब्द कोणते' हा प्रश्न या दप्तराला थेट विचारला, तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. त्याआधी प्रत्येक कागदाला चार साधे प्रश्न विचारावे लागतात: हा कोणाच्या हातचा आहे, केव्हा लिहिला, कशावरून लिहिला आणि कोणी वाचावा म्हणून लिहिला. तुम्हाला लेखात काय सिद्ध करायचे आहे, त्यावर बाकीचे अवलंबून राहील. १८४३ मध्ये स्मिथ काय शिकवत होते हे सांगायचे असेल तर एक कागद पुढे येतो. १८५५ च्या सुमारास, चर्च जिथे पुढे स्थिरावले त्या सॉल्ट लेक सिटीतल्या लोकांना आपल्या संस्थापकाच्या तोंडी काय हवे होते हे सांगायचे असेल तर दुसरा. दोन्ही कागद अस्सल आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचा पुरावा देतात.

आता थोडी पार्श्वभूमी. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेयेट येथे चर्चची स्थापना झाली, आणि त्याच दिवशीच्या साक्षात्कारात 'तुमच्यामध्ये नोंद ठेवली जाईल' अशी आज्ञा आली. पहिले नोंदकार ऑलिव्हर काउडरी. मार्च १८३१ मध्ये हे काम जॉन व्हिटमर यांच्याकडे सोपवले गेले. आज्ञा आली म्हणून दप्तर लगेच लागले, असे मात्र झाले नाही. पहिली दोन वर्षे साक्षात्कारांच्या प्रती सोडल्या तर फारसे काही नियमाने लिहिले जात नव्हते. खरा बदल २७ नोव्हेंबर १८३२ च्या आसपास दिसतो. त्या दिवशी ओहायोतल्या कर्टलंड येथे स्मिथ यांनी एक छोटी वही उघडली आणि तिच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले, की आपल्या नजरेस येणाऱ्या बारीकसारीक गोष्टी टिपून ठेवण्यासाठी ही वही विकत घेतली आहे. त्याच तारखेला त्यांनी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स येथे छापखाना चालवणाऱ्या विल्यम फेल्प्स यांना पत्र लिहिले. त्यात एका बाजूला चर्चच्या कारकुनाने सदस्यांची नोंद कशी ठेवावी याच्या कडक सूचना आहेत, आणि दुसऱ्या बाजूला कागद, लेखणी, शाई आणि तुटक्या, विस्कळीत भाषेच्या अरुंद तुरुंगातून देवाने आपली सुटका करावी अशी प्रार्थना आहे. मला हे पत्र फार बोलके वाटते. नोंद ठेवण्याचा आग्रह आणि लिहिण्याचा त्रास, दोन्ही एकाच माणसाचे आणि एकाच दिवसाचे. ती बारीकसारीक गोष्टींची वही पुढे जेमतेम दहा दिवस चालली. ६ डिसेंबरनंतर तिच्यातली पुढची नोंद थेट ऑक्टोबर १८३३ ची आहे.

उपाय निघाला तो लेखनिकांचा, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. स्मिथ यांच्या दैनंदिनीच्या वह्यांची पाने दीड हजारांच्या घरात जातात, पण त्यांतली स्मिथ यांच्या स्वतःच्या हातची पाने तीसेक असतील. बाकी सगळे फ्रेडरिक विल्यम्स, वॉरन पॅरिश, जॉर्ज रॉबिन्सन, जेम्स मुल्होलंड, विलर्ड रिचर्ड्‌स अशा लेखनिकांचे. काही नोंदी सांगून लिहून घेतलेल्या आहेत, काही लेखनिकाने स्वतः पाहून लिहिल्या आहेत, तर काही दुसऱ्याच्या टिपणावरून उतरवल्या आहेत. शिवाय माणसे टिकली नाहीत. मुल्होलंड १८३९ मध्ये वारले, त्यांच्यानंतर आलेले रॉबर्ट थॉम्पसन १८४१ मध्ये. पॅरिश चर्च सोडून विरोधकांत गेले. इतिहासकार व्हिटमर यांना मार्च १८३८ मध्ये बहिष्कृत केले गेले, तेव्हा त्यांनी लिहिलेला इतिहास देण्यास नकार दिला. त्यावर स्मिथ आणि सिडनी रिग्डन यांनी त्यांना पाठवलेले पत्र वाचनीय आहे: तुमची टिपणे द्या, आम्ही ती दुरुस्त करून छापू, नाही तरी इतिहासकार म्हणून तुमची लायकी आम्हाला ठाऊक आहे, असा त्याचा सूर. टिपणे आली नाहीत. एप्रिल १८३८ च्या अखेरीस नव्याने इतिहास लिहायला बसावे लागले. म्हणजे जो इतिहास आज आपण वाचतो, त्याची सुरुवातच दप्तर हातचे गेल्यामुळे झाली.

आता तुमची २ एप्रिल १८४३ ची नोंद पाहू. उदाहरण तुम्ही उत्तम निवडले आहे. त्या दिवशी स्मिथ इलिनॉयमध्ये, चर्चचे तेव्हाचे मुख्य ठाणे असलेल्या नॉव्हूपासून थोड्या अंतरावरच्या रेमस या गावी होते. सकाळी चर्चचे एक नेते ऑर्सन हाइड यांचे प्रवचन झाले. जेवणाच्या वेळी स्मिथ यांनी त्यांना सांगितले, की तुमच्या प्रवचनात मी काही दुरुस्त्या सुचवणार आहे, आणि हाइड उत्तरले, त्या आभारपूर्वक स्वीकारीन. सोबत लेखनिक विल्यम क्लेटन होते. त्यांनी आपल्या खासगी डायरीत त्या दिवसाची हकीकत तृतीयपुरुषात लिहिली: अध्यक्ष जोसेफ यांनी सांगितले, वगैरे. स्मिथ यांची अधिकृत दैनंदिनी त्या काळात रिचर्ड्‌स ठेवत होते, आणि रेमसची हकीकत त्यांच्या वहीत इतरांच्या टिपणांच्या आधारे आली. छापील इतिहासात तोच प्रसंग 'मी हाइड यांना सांगितले' असा येतो.

हा बदल कधी झाला? स्मिथ यांचा खून २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात झाला, तेव्हा इतिहासाचा मसुदा ऑगस्ट १८३८ पर्यंतच पोहोचला होता. रिचर्ड्‌स, टॉमस बुलक आणि इतरांनी नॉव्हू सोडण्यापूर्वी घाईने तो मार्च १८४३ च्या आरंभापर्यंत आणला. मग सगळे कागद पेट्यांत गेले आणि बैलगाड्यांवरून पश्चिमेला निघाले. सॉल्ट लेक सिटीत पेट्या उघडून काम पुन्हा सुरू करायची वेळ आली तोवर रिचर्ड्‌स आजारी होते; मार्च १८५४ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज ए. स्मिथ यांनी कारकुनांना हाताशी धरून १८५६ मध्ये हे काम तडीस नेले. याचा सरळ अर्थ असा, की २ एप्रिल १८४३ च्या नोंदीतला 'मी' हा शब्द जोसेफ स्मिथ यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ दहा वर्षांनी, दीड-दोन हजार किलोमीटर दूर, दुसऱ्यांच्या डायऱ्या समोर ठेवून लिहिला गेला आहे.

यात फसवणूक होती का, असे मला अनेकदा विचारतात. माझे मत असे की नव्हती, निदान त्या काळच्या मापाने नव्हती. थोर पुरुषाच्या नोंदी, पत्रे, वर्तमानपत्रांतले उतारे एकत्र करून त्याच्या तोंडी सलग आत्मकथन रचणे ही तेव्हाची मान्य पद्धत होती, आणि १८३८-३९ मध्ये स्मिथ यांनी स्वतःच इतिहास प्रथमपुरुषात सुरू करून दिला होता. कारकुनांनी तोच साचा पुढे चालवला. परंतु हेतू स्वच्छ असला तरी परिणाम उरतोच. रेमसच्या त्याच दिवसाच्या शिकवणुकीतले एक वाक्य पाहा. रिचर्ड्‌स यांच्या वहीत असे आहे, की पवित्र आत्मा ही आत्मरूप व्यक्ती आहे, आणि ती व्यक्ती माणसाच्या हृदयात राहू शकत नाही, माणसाला तिचे दान मात्र मिळू शकते. आज 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या धर्मग्रंथाच्या १३० व्या प्रकरणात जे छापले आहे, त्यानुसार पवित्र आत्मा आत्मरूप नसता तर तो आपल्यात वास करू शकला नसता. एका ठिकाणी वास शक्य नाही, दुसऱ्या ठिकाणी वास शक्य होण्याचे कारण दिले आहे. ही सुधारणा १८५० च्या दशकात इतिहास-कार्यालयात झाली आणि १८७६ च्या आवृत्तीत ती धर्मग्रंथात गेली. तुमचा लेख स्मिथ यांच्या ईश्वरविषयक कल्पनेवर असेल, तर छापील इतिहासावर विसंबून तुम्ही नेमक्या याच जागी घसराल.

म्हणून दैनंदिनी श्रेष्ठ आणि इतिहास कनिष्ठ, असा सरसकट नियमही मी करणार नाही. रिचर्ड्‌स यांच्या नोंदी विलक्षण तुटक आहेत. क्रियापद नाही, कर्ता नाही, कधी दोन शब्दांत एक अख्खी भेट. इतिहास लिहिणाऱ्या कारकुनांतले बरेच जण त्या प्रसंगांना स्वतः हजर होते आणि त्यांनी आठवणीने दुवे जोडले. हे दुवे कधी अनमोल असतात, कधी घातक. ७ एप्रिल १८४४ चे, किंग फॉलेट नावाच्या दिवंगत अनुयायाच्या स्मरणार्थ झालेले प्रसिद्ध प्रवचन घ्या. उघड्यावर, वाऱ्यात, प्रचंड समुदायापुढे स्मिथ दोन तासांहून अधिक वेळ बोलले. रिचर्ड्‌स, क्लेटन, बुलक आणि विल्फर्ड वुडरफ अशा चौघांनी ते साध्या लेखणीने टिपले. लघुलिपी त्यांच्यापैकी कोणीही वापरत नव्हते. चारही टिपणे शिल्लक आहेत. एकाच्या कानातून निसटलेले दुसऱ्याने पकडले आहे. आज सर्वत्र वाचला जाणारा सलग मजकूर १८५५ मध्ये जोनाथन ग्रिमशॉ या कारकुनाने ही टिपणे एकत्र विणून तयार केला. माझ्या कामात मी अशा वेळी चारही टिपणे शेजारी शेजारी मांडतो. तिघांत जे आहे ते बोलले गेले असे धरतो, एकातच जे आहे त्यापुढे त्या लेखनिकाचे नाव लिहितो, आणि एकातही नाही पण विणलेल्या मजकुरात आहे त्याला ग्रिमशॉ यांचे वाक्य म्हणतो. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

पत्रांकडे वळतो. इथे कागदाची भौतिक रचना समजून घेतली तर अर्धी कोडी सुटतात. १८४५ पूर्वी अमेरिकेत टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला पंचवीस सेंट, दोन कागद असले की दुप्पट, आणि पाकीट घातले तर तेही कागद म्हणून मोजले जाई. हा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागे. त्यामुळे लोक एकच मोठा ताव घेत, दुमडून त्याची चार पाने करत, चौथ्या पानाच्या मधोमध पत्ता लिहिण्यापुरती जागा सोडून उरलेला भाग मजकुराने भरत, आणि घडी घालून लाखेने बंद करत. अशा पत्राच्या पत्त्याच्या पानावर टपालाचा शिक्का, खर्चाचा हाताने लिहिलेला आकडा, लाख फोडताना फाटलेला कोपरा आणि पुष्कळदा घेणाऱ्याने दप्तरी लावताना लिहिलेला शेरा, एवढे सगळे सापडते. मजकूर वाचण्याआधी मी नेहमी हे पान वाचतो. शिक्का आणि आकडा नसेल तर पत्र कोणाच्या तरी हाती पाठवले असावे, आणि चर्चची बरीच पत्रे तशीच जात, कारण कर्टलंड आणि मिझुरी यांच्यामध्ये कोणी ना कोणी प्रचारक चालतच असे.

अंतराचा परिणाम मजकुरावरही होतो. २५ जून १८३३ रोजी कर्टलंडहून स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मिझुरीत उभारायच्या 'सायन' नगराचा आराखडा पत्रासोबत टपालाने धाडला. २० जुलैला इंडिपेंडन्समध्ये जमावाने चर्चचा छापखाना उद्ध्वस्त केला, आणि तीन दिवसांनी जिल्हा सोडून जाण्याचे लेखी वचन अनुयायांकडून घेतले गेले. नगराचा आराखडा पोहोचेपर्यंत जुलै सरत आला होता. हे ठाऊक नसेल तर त्या उन्हाळ्यातला पत्रव्यवहार वाचताना दोन्ही बाजू एकमेकांचे ऐकत नाहीत असे वाटू लागते. म्हणून पत्र लिहिल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख या दोन वेगळ्या नोंदी ठेवा.

नकलवह्यांविषयी तुमची शंका रास्त आहे. पाठवलेले पत्र घेणाऱ्याकडे जाते, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या दप्तरात त्याची नक्कलच राहणार. स्मिथ यांच्या दोन मुख्य नकलवह्या आहेत. पहिली १८३२ मध्ये सुरू झाली, दुसरीचे काम १८३९ मध्ये मुल्होलंड यांच्या हातून. दोन्हींत काही पत्रे लगोलग उतरवलेली आहेत, तर काही पुष्कळ काळानंतर गठ्ठ्याने. क्रम उलटसुलट, तारखा कधी चुकलेल्या, आणि कारकुनाने शुद्धलेखन आपल्या समजुतीने सुधारलेले. तरीही नक्कल म्हणजे दुय्यम असे मानू नका. बहुपत्नीत्वाविषयीचा १२ जुलै १८४३ चा साक्षात्कार क्लेटन यांनी सांगितल्याबरहुकूम उतरवून घेतला, दुसऱ्या दिवशी चर्चचे बिशप न्यूएल व्हिटनी यांच्या सांगण्यावरून जोसेफ किंग्सबरी यांनी त्याची प्रत केली, आणि मूळ कागद पुढे नष्ट करण्यात आला. १८५२ मध्ये जो जाहीर झाला, तो त्या प्रतीच्या आधारे. व्हिटनी यांनी ती दूरदृष्टी दाखवली नसती, तर त्या विषयावर आज फक्त आठवणी उरल्या असत्या.

दुसरे टोकही लक्षात ठेवा: जे नकलवहीत नाही ते लिहिलेच गेले नाही, असे नसते. ऑगस्ट १८४२ मध्ये मिझुरीच्या अधिकाऱ्यांपासून लपून राहिलेले असताना स्मिथ यांनी न्यूएल व्हिटनी, त्यांच्या पत्नी आणि त्यांची मुलगी सारा अ‍ॅन यांना स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिले. साराशी त्यांचा गुप्त विवाह तीन आठवड्यांपूर्वीच झाला होता. तिघांनी भेटायला यावे, स्मिथ यांची पहिली पत्नी एमा तिथे नसेल तेव्हाच यावे, आणि हे पत्र वाचताच जाळून टाकावे, असे त्यात आहे. ते जाळले गेले नाही, म्हणून आपल्याला ठाऊक. आणि ते लेखनिकाकरवी लिहिलेले नाही यातच त्याचे स्वरूप कळते. मी याची कामचलाऊ खूण अशी धरतो: स्मिथ यांचे स्वहस्ताक्षर दिसले की मजकूर एक तर अतिशय खासगी असतो, नाही तर लेखनिक हाताशी नसतो. एमा यांना ४ एप्रिल १८३९ रोजी मिझुरीतल्या लिबर्टीच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र पाहा. सूर्य मावळताना गजांतून बाहेर डोकावत आपण लिहायला बसलो आहोत अशी त्याची सुरुवात आहे. शुद्धलेखन मनाला येईल तसे, आणि एका वाक्याच्या पोटात पाच वाक्ये. जो माणूस छापील इतिहासात आरेखून काढल्यासारखा बोलतो, तो स्वतःच्या हाताने असा लिहितो. 'स्मिथ यांचा आवाज' ऐकायचा असेल, तर ही पत्रे सगळ्यात जवळची.

त्याच तुरुंगातून २० मार्च १८३९ चे चर्चला उद्देशून लिहिलेले लांबलचक पत्र मात्र वेगळ्या जातीचे आहे. अलेक्झांडर मॅक्रे आणि केलेब बाल्डविन या सहकैद्यांकडून ते लिहवून घेतले, आणि दुरुस्त्या स्मिथ यांच्या हातच्या आहेत. त्यातून वेचलेले उतारे पुढे 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स'ची तीन प्रकरणे झाले. त्याच पत्रात मिझुरीत सोसलेल्या हानीची, छळाची आणि गेलेल्या मालमत्तेची नोंद प्रत्येकाने लिहून द्यावी असे आवाहन आहे. त्यानुसार शेकडो प्रतिज्ञापत्रे गोळा झाली आणि १८३९-४० च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनला काँग्रेसपुढे मांडली गेली. सिनेटच्या समितीने दाद दिली नाही. नोंदी ठेवण्यामागे धर्माज्ञेइतकीच कोर्टकचेरीची गरज होती, हे या प्रतिज्ञापत्रांवरून दिसते. म्हणूनच त्यांत जमिनीचे एकर आणि गेलेल्या गाई काटेकोर आहेत, आणि भोवतालच्या वादाची दुसरी बाजू जवळजवळ नाही.

दप्तर विखुरले कसे, हेही थोडक्यात सांगतो, कारण मूळ प्रत कुठे शोधायची ते त्यावर ठरते. 'बुक ऑफ मॉर्मन' या, स्मिथ यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मग्रंथाचे मूळ हस्तलिखित १८४१ मध्ये नॉव्हू हाउस या इमारतीच्या कोनशिलेत ठेवले गेले. १८८२ मध्ये ती उघडली तेव्हा ओलीने त्याचा बहुतांश भाग गेला होता. 'काउन्सिल ऑफ फिफ्टी' या गुप्त मंडळाची इतिवृत्ते जून १८४४ मध्ये जाळा किंवा पुरा, असे स्मिथ यांनी क्लेटन यांना सांगितले. क्लेटन यांनी ती बागेत पुरली आणि जुलैच्या आरंभी उकरून काढली. ती छापली गेली २०१६ मध्ये. बायबलच्या सुधारित भाषांतराची हस्तलिखिते आणि काही कौटुंबिक पत्रे एमा यांच्याकडेच राहिली आणि पुढे आज 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेकडे गेली. मार्च २०२४ मध्ये कर्टलंडचे मंदिर, नॉव्हूतल्या काही इमारती आणि ही हस्तलिखिते सॉल्ट लेक सिटीच्या चर्चने १९ कोटी २५ लाख डॉलरना विकत घेतली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या टिपांमध्ये दिलेला ठावठिकाणा आता बदललेला असू शकतो. तुम्ही पाहिलेले संकेतस्थळ ज्या 'जोसेफ स्मिथ पेपर्स' प्रकल्पाचे आहे, त्याचे २७ छापील खंड २००८ ते २०२३ या काळात आले. प्रत्येक कागदापुढे हस्ताक्षर, कागद, घडी आणि मालकीचा प्रवास यांची टीप दिलेली असते. बहुतेक वाचक ती ओलांडून मजकुरावर जातात. तुम्ही तसे करू नका.

मालकीच्या प्रवासावर मी एवढा भर का देतो, त्याचे कारण मार्क हॉफमन. १९८० ते १९८५ या काळात या माणसाने मॉर्मन इतिहासाची डझनांनी बनावट कागदपत्रे तयार केली. त्याचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे स्मिथ यांचे सुरुवातीचे साथीदार मार्टिन हॅरिस यांनी फेल्प्स यांना ऑक्टोबर १८३० मध्ये लिहिलेले म्हणून खपवलेले पत्र, ज्यात 'बुक ऑफ मॉर्मन'च्या कथेतल्या देवदूताच्या जागी पांढरा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा एक प्राणी, येतो. वर सांगितलेली घडी, शिक्का, टपालखर्चाचा आकडा, सगळे त्याला अवगत होते. अस्सल पत्रव्यवहारात जिथे पोकळी होती, तिथेच तो नेमका कागद बसवायचा. तो उघडा पडण्याच्या बेतात आला तेव्हा १५ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याने ठेवलेल्या दोन बाँबनी सॉल्ट लेक सिटीत दोन माणसे मारली गेली. त्यानंतरच्या तपासात शाईला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तडे दिसले, कारण कृत्रिमरीत्या जुनी केलेली डिंकमिश्रित शाई तशी फुटते. मजकूर बऱ्याच जाणकारांना पटला होता. पत्र इतकी वर्षे कोणाच्या घरात होते, याचे धड उत्तर मात्र कधीच मिळाले नव्हते.

स्मिथ यांच्यानंतर चर्चचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिगहॅम यंग यांच्या काळात, म्हणजे युटामध्ये, कामाची पद्धत बदलते आणि ती संशोधकाला सोयीची आहे. त्यांच्या कार्यालयात दाबयंत्राच्या नकलवह्या होत्या: खास शाईने लिहिलेले पत्र ओलसर पातळ कागदाखाली ठेवून दाबले, की त्याची हुबेहूब छाप उमटे. इथे कारकुनाच्या नकलेच्या चुका संभवत नाहीत. प्रवचनांसाठी जॉर्ज वॉट यांची पिटमन लघुलिपी आली. पण वॉट यांच्या मूळ लघुलिपीचे अलीकडे वाचन झाले, तेव्हा छापील प्रवचनांत त्यांनी बरेच सफाईकाम केल्याचे आढळले. म्हणजे छापखान्याच्या दाराशी येऊन पुन्हा तोच प्रश्न.

आता मुंबई-पुणे. ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यातही राहिले. त्यांचे श्रोते बहुतांश इंग्रज लष्करी छावण्यांतले होते, आणि छावणीच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. त्यांची पत्रे लिव्हरपूलहून निघणाऱ्या 'मिलेनियल स्टार' या चर्चच्या नियतकालिकात छापली जात. ती वाचताना तीन गोष्टी मनात ठेवा. एक तर ती वरिष्ठांना पाठवलेले अहवाल आहेत, त्यामुळे निराशाही उत्साहाच्या शब्दांत येते. दुसरे, सुएझमार्गे टपालाला महिन्याहून अधिक लागे आणि त्यावर छपाईचा वेळ, म्हणून अंकाची तारीख ही घटनेची तारीख समजू नका. तिसरे, पत्र छापण्यापूर्वी संपादकाची कात्री चाललेली असते, आणि ती कुठे चालली हे छापील पानावर कळत नाही. ज्या प्रचारकांच्या खासगी दैनंदिन्या उपलब्ध आहेत, तिथे पत्राशेजारी दैनंदिनी ठेवा. खर्च, आजारपण आणि रिकाम्या सभा तिच्यात सापडतात. त्याच महिन्यांची मुंबईतली इंग्रजी वर्तमानपत्रेही चाळून पाहा, कारण नव्या पंथाविरुद्धची टीका तिथे भेटण्याची शक्यता असते, आणि फिंडले यांचे काही लेखन अशा टीकेला उत्तर म्हणूनच आलेले आहे.

तुमच्या टिपेचा नमुना मी असा लिहीन: 'जोसेफ स्मिथ यांची दैनंदिनी, २ एप्रिल १८४३, हस्ताक्षर विलर्ड रिचर्ड्‌स, ताडून पाहा विल्यम क्लेटन यांची डायरी, तीच तारीख, प्रथमपुरुषी रूप १८५४ नंतरचे.' आणि लेखाच्या मजकुरात 'स्मिथ म्हणाले' याऐवजी 'रिचर्ड्‌स यांच्या नोंदीनुसार स्मिथ म्हणाले' असे लिहा. वाक्य थोडे लांबेल, संपादक कुरकुर करील, पण ते तसेच ठेवा.